घ्राणापासून घाणीपर्यंत : सांडपाण्याच्या शुद्धीकरणातील ओझोनचा इतिहास

१

'घाण' हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की, त्याच्या कुळाची चौकशी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. वस्तुतः तो संस्कृत 'घ्राण' या शब्दाचा तद्भव होय. 'घ्राण' म्हणजे वास घेणे, तसेच वास घेणारे इंद्रिय. प्राकृतातून मराठीत उतरताना या शब्दाने प्रथम 'वास', मग 'वाईट वास' आणि अखेरीस 'ज्याला वाईट वास येतो तो मळ' असा अर्थप्रवास केला. नाकाला कळणाऱ्या गोष्टीचे नाव अशा रीतीने डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूस मिळाले. मनुष्याने मळ प्रथम नाकाने ओळखला, आणि इतर साधने त्याच्या हाती फार उशिरा आली, या गोष्टीची ही एक लहानशी साक्ष आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या वायूचे नावही नाकानेच ठेवलेले आहे. 'ओझोन' हे नाव ग्रीक भाषेतील 'वास येणे' या अर्थाच्या क्रियापदाच्या वर्तमानकालवाचक धातुसाधितावरून घेतलेले असून, त्याचा शब्दशः अर्थ 'वास येणारे' एवढाच आहे. लॅटिनमधील 'ओदोर' हा शब्द याच धातुकुळातील. हा वायू ज्ञात झाल्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी वापरला जाऊ लागला. परंतु सांडपाण्याच्या शुद्धीकरणात त्याचा गांभीर्याने विचार होण्यास विसाव्या शतकाचा शेवटचा चतुर्थांश उजाडावा लागला. एकाच द्रव्याला एका दाराने इतक्या लवकर आणि दुसऱ्या दाराने इतक्या उशिरा प्रवेश का मिळाला, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर खर्चाचे आहे, आणि ते खोटे नाही. तथापि ते अपुरे आहे, असे आमचे मत आहे. ओझोनच्या अंगचे गुणधर्म गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत तिळमात्र बदललेले नाहीत. बदलत गेला तो 'शुद्ध' या शब्दाचा अर्थ. त्या अर्थाच्या प्रत्येक पालटाबरोबर ओझोनचे मोल कधी चढले, कधी उतरले. आणि त्याचा जो गुण एका काळी दोष मानला गेला, तोच पुढे गुण ठरला. भाषेच्या अभ्यासकाने अभियांत्रिकीच्या या प्रांतात पाऊल टाकण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.

२

हार्लेम येथील डच शास्त्रज्ञ मार्टिनस व्हान मारुम याला १७८५ मध्ये आपल्या मोठ्या विद्युत्-यंत्राजवळ एक तीव्र वास येत असल्याचे आढळले. त्याने त्याची नोंद केली, परंतु तो विजेचाच वास असावा, असे समजून तो विषय तेथेच राहिला. त्यानंतर चोपन्न वर्षांनी, १८३९ मध्ये, ऱ्हाईन नदीकाठच्या बाझेल येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्रिस्तियान फ्रीड्रिख शेनबाइन यांना पाण्याचे विद्युत् विच्छेदन करीत असता धन ध्रुवाजवळ तोच वास आला. हा वास विजेचा नसून एका स्वतंत्र द्रव्याचा आहे, हे त्यांनी ताडले, आणि पुढच्या वर्षी त्या द्रव्याला 'ओझोन' हे नाव दिले. ग्रीक भाषेच्या एका सहकारी प्राध्यापकाने ते सुचविले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नाव ठेवले त्या वेळी वस्तूची ओळख पटलेली नव्हती. शेनबाइन प्रारंभी तिला क्लोरीनच्या कुळातील एक मूलद्रव्य समजत होते. ती ऑक्सिजनचेच एक रूप आहे, हे १८४५ च्या सुमारास जिनीव्हा येथील मारिन्याक आणि द ला रीव्ह यांच्या प्रयोगांनी सूचित झाले. आणि तिच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात, हे सोरे यांनी १८६५ मध्ये दाखविले. अर्थात् पंचवीस वर्षे हा शब्द केवळ एका वासाचा वाचक होता. ऑक्सिजनला मराठीत 'प्राणवायू' हे नाव लाभले. ओझोनसाठी मात्र असा कोणताही देशी शब्द रूढ झाला नाही.

तो काळ रोगांविषयीच्या ज्या कल्पनांचा होता, त्यांत वासाला फार महत्त्व होते. कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी दूषित हवा हेच साथीच्या रोगांचे मूळ, असे युरोपातील बहुसंख्य वैद्यांचे मत होते. ओझोन हा हवेत स्वभावतः असतो, आणि तो दुर्गंधी नष्ट करतो, हे कळल्यावर निष्कर्ष काढण्यास वेळ लागला नाही : ज्या हवेत ओझोन अधिक, ती हवा शुद्ध. शेनबाइन यांनी पिष्ट आणि पोटॅशियम आयोडाइड यांत भिजविलेल्या कागदाच्या पट्ट्या तयार केल्या होत्या. ओझोनच्या संपर्काने त्या निळ्या पडत. अशा पट्ट्या शहराशहरांतून टांगल्या गेल्या. पटकीची साथ आली की हवेतील ओझोन कमी झालेला असतो, असे प्रतिपादन करणारे लेखन १८५० नंतरच्या दशकांत पुष्कळ झाले. पॅरिसच्या माँसूरी वेधशाळेत १८७६ पासून हवेतील ओझोनची नियमित मोजणी होऊ लागली. पट्टीचा निळेपणा केवळ ओझोनवर अवलंबून नसून हवेतील दमटपणा, वारा आणि अन्य द्रव्ये यांवरही अवलंबून असतो, हे पुढे ध्यानात आले.

या कालखंडात 'शुद्ध' म्हणजे 'निर्गंध' असाच अर्थ होता. ओझोनची पहिली कीर्ती या अर्थाच्या बळावर झाली. ती चुकीच्या तर्कावर उभी होती, हे खरे. परंतु शुद्धीच्या कल्पनेशी ओझोनचे नाव तिच्यामुळेच प्रथम जोडले गेले.

३

पटकीचा संबंध हवेशी नसून पाण्याशी आहे, हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत मांडले होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८३ मध्ये इजिप्तमध्ये आणि १८८४ च्या प्रारंभी कलकत्त्यात रोग्यांच्या आतड्यांत व तेथील तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू पाहिला. त्यानंतर 'शुद्ध पाणी' या शब्दप्रयोगाचा आशय हळूहळू पालटला. पाणी नितळ असेल, त्याला वासही येत नसेल, आणि तरीही ते प्राणघातक असेल, ही गोष्ट नाकाला आणि डोळ्यांना पटणारी नव्हती. १८९२ मध्ये हँबुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. एल्ब नदीचे पाणी तेथे न गाळता पुरविले जात असे. शेजारच्याच आल्टोना शहरात त्याच नदीचे, तेही हँबुर्गचा मैला मिसळल्यानंतरचे पाणी वाळूच्या गाळण्यांतून गाळून दिले जात होते. तेथे साथीचा जोर फारच कमी राहिला. 'शुद्ध' म्हणजे 'निर्जंतुक' हा अर्थ या घटनेनंतर सर्वमान्य झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

ओझोन निर्माण करण्याचे साधन तोवर तयार झालेलेच होते. व्हेर्नर सीमेन्स यांनी १८५७ मध्ये एकात एक बसविलेल्या दोन काचनळ्यांचे एक उपकरण रचले. नळ्यांमधील चिंचोळ्या पोकळीतून कोरडी हवा सोडावयाची आणि बाहेरून उच्च दाबाची वीज द्यावयाची. मध्ये काच असल्यामुळे ठिणगी पडत नाही; निःशब्द असे विद्युत् विसर्जन होत राहते. त्यामुळे ऑक्सिजनचे काही रेणू फुटतात, आणि सुटे झालेले अणू इतर रेणूंना चिकटून ओझोन बनतो. आजच्या कारखान्यांतील ओझोनयंत्रेही मूलतः याच तत्त्वावर चालतात. दिलेल्या विजेचा बराचसा भाग उष्णतेत जातो, म्हणून नळ्या सतत थंड ठेवाव्या लागतात. हवा दमट असेल तर उत्पादन घटते आणि यंत्र खराब होते, म्हणून ती आधी अत्यंत कोरडी करावी लागते. ओझोन साठवून ठेवता येत नाही. लागेल तेथेच आणि लागेल तेव्हाच तो बनवावा लागतो.

दूषित पाण्यातील जंतू ओझोनने मरतात, हे द मेरिटेन्स यांनी १८८६ मध्ये फ्रान्समध्ये दाखविले. १८९१ मध्ये बर्लिनजवळ मार्टिनिकेनफेल्डे येथे सीमेन्स आणि हाल्स्के यांच्या संस्थेने याची मोठ्या प्रमाणावर चाचणी घेतली. आणि १८९३ मध्ये हॉलंडमधील औडशोर्न येथे ऱ्हाईनचे पाणी निववून, गाळून त्यावर ओझोनची प्रक्रिया करणारे केंद्र चालू झाले. पिण्याच्या पाण्यासाठी ओझोनचा नगरपातळीवर केलेला हा पहिला उपयोग समजला जातो. बाझेलमध्ये ज्या नदीच्या काठी या वायूला नाव मिळाले, त्याच नदीच्या मुखाकडील प्रदेशात त्याला काम मिळाले. पुढे वीसबाडेन (१९०१), पाडरबोर्न (१९०२), नीस (१९०६-०७ च्या सुमारास) आणि सेंट पीटर्सबर्ग (१९१०-११) येथे अशी केंद्रे झाली. त्यांपैकी नीसच्या केंद्रामागे मारियस पॉल ओटो यांचे परिश्रम होते.

ओझोनचे जंतुनाशन कसे घडते, हेही संक्षेपाने पाहणे इष्ट ठरेल. ओझोनचा रेणू अस्थिर असतो. तिसरा अणू टाकून देऊन ऑक्सिजन होण्याकडे त्याचा सतत कल असतो, आणि तो अणू जेथे पडतो तेथे ऑक्सिडीकरण घडते. जंतूंच्या पेशींचे आवरण त्यामुळे फुटते आणि आतील द्रव्ये नष्ट होतात. विषाणूंवरही त्याचा परिणाम होतो. क्लोरीनला दाद न देणारे काही परजीवी जीवही त्याच्यापुढे टिकत नाहीत. काम आटोपल्यावर पाण्यात मागे उरतो तो ऑक्सिजन. पाण्यातील ओझोनचे आयुष्य अवघे काही मिनिटांचे असते. पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली या एका वाक्यात आहे.

४

या अल्पायुष्यामुळेच ओझोनचा पराभव झाला. केंद्रातून निघालेले पाणी नळांतून मैलोगणती वाहते, टाक्यांत साठते, फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढून घेते. केंद्राच्या दाराशी निर्जंतुक असलेले पाणी घराच्या नळाशी तसेच राहील, याची हमी ओझोन देऊ शकत नाही. क्लोरीन ती देतो. १८९७ मध्ये इंग्लंडमधील मेडस्टोन येथे विषमज्वराच्या साथीत जलवाहिन्या ब्लीचिंग पावडरीने धुतल्या गेल्या. १९०२ मध्ये बेल्जियममधील मिडेलकेर्क येथे क्लोरीनचा नित्य वापर सुरू झाला. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात तो घातला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात क्लोरीनचे उत्पादन आणि हाताळणी यांचे तंत्र झपाट्याने प्रगत झाले, आणि तो स्वस्त झाला. ओझोनसाठी वीज, कोरडी हवा, थंडावा आणि कुशल यंत्रज्ञ लागतात. ब्लीचिंग पावडरीसाठी एक बादली आणि एक शहाणा माणूस पुरतो. आपल्याकडील खेड्यांत विहिरीत 'टीसीएल' टाकणारा ग्रामपंचायतीचा सेवक हा या परंपरेचाच वारस होय.

येथे 'शुद्ध' या शब्दाच्या अर्थात आणखी एक छटा मिसळली. पाण्यात क्लोरीनचा अंश शिल्लक असणे हीच शुद्धतेची खूण ठरली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, क्लोरीन वापरले असता, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे, असे सांगितले आहे. जे पाणी निर्गंध ते शुद्ध, या जुन्या समजुतीच्या जागी, ज्या पाण्याला औषधाचा वास येतो ते शुद्ध, अशी समजूत रुजली. नाकाचा अधिकार गेला नाही. त्याचा कौल तेवढा उलटला. मागे काहीही न ठेवणाऱ्या ओझोनला या नव्या अर्थात जागा नव्हती. फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी अशा काही देशांतच तो टिकून राहिला.

५

आता सांडपाण्याकडे वळू. 'सांडपाणी' या शब्दातील 'सांडणे' हे क्रियापद प्राचीन मराठीत 'टाकून देणे', 'त्याग करणे' या अर्थाने सर्रास आढळते. जे सांडले, त्याच्याशी आपला संबंध संपला, असा भाव या शब्दात आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे अभियांत्रिकी धोरण या भावापासून फार दूर नव्हते. ब्रिटनमधील मैलानिवारणविषयक राजकीय आयोगाने १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात एक प्रमाण सुचविले : नदीत सोडावयाच्या पाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा आणि जैव ऑक्सिजन-मागणी २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. त्यासाठी नदीचे पाणी सांडपाण्याच्या किमान आठपट असावे, असे गृहीत धरले होते. हे प्रमाण पुढे जगभर पसरले. भारतातही सांडपाण्याचे मोजमाप दीर्घकाळ याच दोन अंकांच्या भाषेत होत आले.

या प्रमाणात जंतूंचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. हँबुर्गच्या साथीला वीस वर्षे लोटली होती. जंतुशास्त्र स्थिरावले होते. तरीही सांडपाण्याच्या बाबतीत 'शुद्ध' म्हणजे 'नदीतील ऑक्सिजन न संपविणारे', अर्थात् नदीला दुर्गंधी न आणणारे, एवढाच अर्थ कायम राहिला. जंतू मारण्याची जबाबदारी खाली नदीतून पिण्याचे पाणी उचलणाऱ्याची. अशा रीतीने एकाच काळी, एकाच भाषेत, 'शुद्ध' हा शब्द दोन निराळ्या पाण्यांसाठी दोन निराळ्या अर्थांनी वापरला जात होता. ओझोन सांडपाण्यापर्यंत पोचला नाही, याचे मुख्य कारण येथे आहे. जे काम करावयाचे म्हणून कोणी सांगितलेच नव्हते, त्यासाठी महाग साधन कोण आणणार?

तांत्रिक अडचण होती, हे नाकारता येत नाही. ओझोन केवळ जंतूंचीच निवड करीत नाही. पाण्यातील इतर अनेक द्रव्यांवरही तो झडप घालतो. सांडपाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ पुष्कळ असतात, आणि जंतूंपर्यंत पोचण्यापूर्वीच तो त्यांच्यावर खर्ची पडतो. गाळलेल्या पिण्याच्या पाण्याला जेथे लिटरमागे एकदोन मिलिग्रॅम पुरतात, तेथे सांडपाण्याला, तेही जीवजंतूंच्या टाकीतून काढून निवळल्यानंतर, कित्येक पट ओझोन लागतो. म्हणून ओझोनची पायरी नेहमी शेवटची असते. खोल, बंदिस्त टाकीच्या तळातून बारीक बुडबुड्यांच्या रूपाने तो सोडतात, आणि वर उरलेला वायू नष्ट करूनच हवेत जाऊ देतात. कारण श्वासावाटे तो अपायकारक आहे.

पालट घडला तो १९७४ मध्ये. ऱ्हाईनच्या मुखाजवळील रॉटरडॅम शहराच्या पाणीपुरवठा विभागातील रसायनज्ञ योहान्स रूक यांनी दाखविले की, नदीच्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म व त्याच्या जातीचे पदार्थ तयार होतात. अमेरिकेतील संशोधकांनाही त्याच सुमारास हेच आढळले, आणि १९७९ मध्ये तेथे या पदार्थांवर मर्यादा घालण्यात आली. याच काळात क्लोरीन घातलेले सांडपाणी नद्यांतील माशांना घातक ठरते, हेही ध्यानात येत होते. कारण सांडपाण्यातील अमोनियाशी क्लोरीन मिळून जे पदार्थ बनतात, ते पाण्यात दीर्घकाळ टिकतात. मागे उरण्याचा जो गुण नळाच्या पाण्यात रक्षक होता, तोच नदीत मारक ठरला. नदीला जलवाहिनीसारखे रक्षण नको असते. तिला आपले मासे जगावयास हवे असतात. मागे केवळ ऑक्सिजन ठेवून जाणारा ओझोन या कामास क्लोरीनपेक्षा योग्य, हे सूत्र आता उघड झाले. त्याच्या गुणधर्मात फरक पडलेला नव्हता; दोष आणि गुण यांच्या पाट्या तेवढ्या बदलल्या होत्या.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील इंडियनटाऊन येथे १९७५ मध्ये सांडपाण्याच्या जंतुनाशनासाठी ओझोनचे केंद्र चालू झाले, आणि पाठोपाठ आणखी काही झाली. परंतु हा उत्साह टिकला नाही. हवा कोरडी करणारी यंत्रे बिघडत, विजेचा खर्च वाढे, देखभालीला प्रशिक्षित माणसे मिळत नसत. त्यांतील अनेक केंद्रांनी पुढे ओझोन सोडून दिला. दरम्यान अतिनील किरणांच्या दिव्यांनी जंतू निष्क्रिय करण्याची पद्धत सोपी व स्वस्त झाली होती. तीही मागे काही ठेवत नाही. 'शुद्ध' म्हणजे केवळ 'निर्जंतुक' एवढाच अर्थ असता, तर सांडपाण्यातील ओझोनचा इतिहास येथेच संपला असता.

६

तो संपला नाही, कारण विसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनज्ञांच्या हाती अतिसूक्ष्म मोजमापाची साधने आली. लिटरमागे मिलिग्रॅमच्या हजाराव्या, दशलक्षाव्या भागापर्यंत द्रव्ये ओळखता येऊ लागली, आणि निवळलेल्या, गाळलेल्या, निर्जंतुक केलेल्या सांडपाण्यात औषधे, संप्रेरके, कीटकनाशके यांचे अंश दिसू लागले. मनुष्य औषध घेतो; त्यातील काही भाग त्याच्या शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो; जीवजंतूंच्या टाकीला तो पचत नाही; तो नदीत जातो. अतिनील किरण जंतूंना रोखतात, परंतु नेहमीच्या मात्रेत अशा रेणूंना फारसा धक्का लावीत नाहीत. ओझोन त्यांतील पुष्कळ रेणू मोडतो. डायक्लोफिनॅक आणि कार्बामॅझेपिन ही औषधे तर त्याच्याशी फार वेगाने प्रतिक्रिया करतात. शिवाय पाण्यात विघटित होताना ओझोन हायड्रॉक्सिल मूलके निर्माण करतो. ती त्याच्याहूनही प्रखर असतात, आणि ओझोनला दाद न देणाऱ्या काही द्रव्यांचा समाचार ती घेतात.

या ज्ञानाला कायद्याचे रूप देण्यात स्वित्झर्लंडने पुढाकार घेतला. रेगेन्सडोर्फ येथील प्रत्यक्ष केंद्रावरील चाचण्यांनंतर झुरिकजवळच्या ड्यूबेनडोर्फ येथील नॉयगुट केंद्रात २०१४ मध्ये त्या देशातील पहिली पूर्ण क्षमतेची ओझोनव्यवस्था सुरू झाली. १ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेल्या नियमांनुसार सातशेहून अधिक केंद्रांपैकी निवडक अशा शंभराहून अधिक केंद्रांत ओझोन अथवा क्रियाशील कोळसा वापरून ठरावीक सूचक द्रव्यांचे ८० टक्के निर्मूलन करावयाचे आहे. त्याच्या खर्चासाठी सांडपाण्याच्या जोडणीत असलेल्या लोकसंख्येवर वर्षाला दरडोई ९ फ्रँकपर्यंत आकार बसविण्यात आला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नागरी सांडपाण्याविषयीचा आपला निर्देश सुधारून दीड लाख लोकसंख्येइतक्या भाराच्या व त्याहून मोठ्या केंद्रांना अशी चौथी पायरी २०४५ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंधनकारक केली. ओझोनला ज्या देशात नाव मिळाले, त्याच देशात त्याला सांडपाण्यातील नवे काम मिळाले; आणि ते काम जंतू मारण्याचे नसून रेणू मोडण्याचे होते.

परंतु येथेही शेवटचा शब्द ओझोनचा नाही. रेणू मोडला म्हणजे तो नाहीसा झाला, असे नव्हे. त्याचे तुकडे उरतात. पाण्यात ब्रोमाइड असेल, तर ओझोनमुळे ब्रोमेट बनते. त्याची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम अशी ठेवली आहे. म्हणून ओझोननंतर वाळूची जैव गाळणी अथवा कोळशाचा थर ठेवतात, आणि तेथील जीवजंतू त्या तुकड्यांपैकी बरेचसे खाऊन टाकतात. मागे काहीच न ठेवणारा म्हणून ज्याची ख्याती, त्यानेही काही मागे ठेवले आहे, हे मोजमाप सूक्ष्म झाल्यावर उघड झाले.

७

या इतिहासाचे तात्पर्य काय? नामिबियाची राजधानी विंडहूक येथे १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी दिले जाते. २००२ मध्ये तेथे दिवसाला २१,००० घनमीटर क्षमतेचे नवे केंद्र सुरू झाले. त्यात ओझोनची पायरी असून तिच्या पाठोपाठ कोळशाचे थर, पटल-गाळणी आणि अखेरीस क्लोरीन अशी साखळी आहे. ओझोन आणि क्लोरीन यांचा शंभर वर्षांचा तंटा तेथे सामोपचाराने मिटला आहे : जे मोडावयाचे ते ओझोनने मोडावे, जे वाटेत राखावयाचे ते क्लोरीनने राखावे. त्याहून महत्त्वाचे हे की, 'सांडलेले' आणि 'प्यावयाचे' या दोन पाण्यांसाठी 'शुद्ध' या शब्दाचे जे दोन अर्थ चालत आले होते, ते तेथे एक झाले.

ही गोष्ट दूरची मानण्याचे कारण नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून उजनीच्या जलाशयात जाते, आणि त्याच जलाशयातून सोलापूरला पिण्याचे पाणी मिळते. हैदराबादजवळील पाटनचेरू येथे औषध-कारखान्यांचे सांडपाणी एकत्रित प्रक्रियेनंतर जेथून सोडले जात होते, तेथील नमुन्यांत सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाणी प्रक्रिया केलेलेच होते. आपल्या नगरपालिकांच्या पाट्यांवर कोठे 'सांडपाणी प्रक्रिया केंद्र' तर कोठे 'मैलाशुद्धीकरण केंद्र' असे लिहिलेले असते, आणि वाचणारा दोन्हींचा अर्थ एकच समजतो. 'प्रक्रिया' हा शब्द एवढेच सांगतो की, काही केले गेले. 'शुद्धीकरण' हा शब्द सांगतो की, काही साध्य झाले. या दोहोंमधील अंतर ओझोनयंत्राच्या किमतीपेक्षा मोठे आहे.

ओझोन हा सर्व रोगांवरील उतारा आहे, असे या लेखकाचे म्हणणे नाही. जेथे मूळ मैलाच टाकीपर्यंत पोचत नाही, जेथे वीज दिवसातून अनेकदा जाते, तेथे शेवटच्या पायरीची चर्चा आधी करणे हे उंबऱ्याशिवाय माडी बांधण्यासारखे होईल. म्हणणे एवढेच की, 'शुद्ध' हे विशेषण एकटे वापरू नये. कशापासून शुद्ध, कोणासाठी शुद्ध आणि कोणत्या मोजमापाने शुद्ध, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्यासोबत असावीत. नाकाने एकदा उत्तर दिले होते. काचपट्टीवरील जंतूने दुसरे दिले. रसायनज्ञाच्या यंत्राने तिसरे दिले. चौथे उत्तर देणारे साधन आज कोठल्या तरी प्रयोगशाळेत तयार होत असेल. ते हाती आले म्हणजे आजचे शुद्ध पाणी कदाचित अशुद्ध ठरेल, आणि घ्राणापासून निघालेल्या 'घाण' या शब्दाला आपला अर्थ पुन्हा एकदा विस्तारावा लागेल.